छातीत घुसलेला चाकू उपसायचा नाही

'आधी चाकू बाहेर काढा, मग जखम दाबून धरा.' हा सल्ला वर्षानुवर्षे फिरतोय आणि तो जीवघेणा आहे.

छातीच्या वरच्या टोकाला, गळपट्टीच्या हाडामागून, हाताकडे जाणारी मोठी धमनी आणि शीर जाते. तिथे पातं रुतलं, तर पुष्कळदा तेच फाटलेल्या रक्तवाहिनीला बुचासारखं अडवून धरतं. ते उपसलं की बूच निघालं! हात कापला तर वर आवळपट्टी बांधता येते. इथे बांधणार कुठे? वर हाड, खाली फासळ्या. शिवाय रक्त बाहेर दिसेलच असं नाही. ते फुप्फुसाभोवतीच्या पोकळीत साचतं, आणि तिथे दीड लिटरहून जास्त रक्त मावतं. बाहेर मात्र शर्टावर रुपयाएवढा डाग.

म्हणूनच सर्जनसुद्धा चाकूला आधी हात लावत नाहीत. जखमेच्या अलीकडे, हृदयाच्या बाजूला, धमनी ताब्यात घेतात. त्यासाठी उजव्या बाजूला बहुधा छातीचं मधलं हाड उभं कापावं लागतं, डावीकडे फासळ्यांमधून शिरावं लागतं. चिमटा लागला की मगच पातं काढून शिवण किंवा कृत्रिम नळीचा जोड. रक्तदाब स्थिर असेल तर काही वेळा धमनीच्या आतून आवरण असलेला स्टेंटही (जाळीदार नळी) बसवतात.

मनगटाची नाडी लागतेय म्हणून निर्धास्त होऊ नका. खांद्याभोवतीच्या आडवाटांनी रक्त हातात पोचतं, धमनी फाटलेली असली तरी.

चाकू हलू नये म्हणून दोन्ही बाजूंनी कापडाच्या घड्या लावा आणि तसंच रुग्णालयात न्या.