किल स्विच की चावी?

मोटरसायकल बंद करताना उजव्या अंगठ्याजवळचा लाल किल स्विच वापरणाऱ्याला एकदा तरी कुणीतरी हटकतंच, ‘अरे, इंजिन खराब होईल.’ ही समजूत खूप पसरली आहे, पण ती चुकीची आहे.

पेट्रोल इंजिनाला चालायला हवा, पेट्रोल आणि ठिणगी लागते. बॅटरीचे 12 व्होल्ट कॉइलमध्ये वाढून हजारो व्होल्ट होतात आणि प्लगच्या टोकांमधल्या फटीत ठिणगी पडते. चार-स्ट्रोक इंजिन मिनिटाला 1200 फेऱ्यांवर संथ चालत असेल, तर एका सिलिंडरमध्ये सेकंदाला 10 वेळा पेट्रोल जळतं. ठिणगी थांबली की जळणं थांबतं. मग फ्लायव्हीलमध्ये (इंजिनासोबत फिरणाऱ्या जड चाकात) साठलेला जोर संपेपर्यंत इंजिन थोडं फिरतं आणि गप्प होतं. तुम्ही चावी फिरवा किंवा किल स्विच दाबा, ठिणगी दोन्ही वेळी थांबते. फ्युएल इंजेक्शनच्या, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पद्धतीने पेट्रोल फवारणाऱ्या, गाड्यांमध्ये सोबत पेट्रोल येणंही थांबतं. ठिणगी कोणत्या बटणामुळे गेली, याने पिस्टनला काहीच फरक पडत नाही.

फरक पडतो तो बॅटरीला. चावी फिरवली की दिवे, मीटर, हॉर्न सगळ्यांचा वीजपुरवठा तुटतो. किल स्विच फक्त इंजिनापुरता असतो. तो दाबून चावी तशीच ठेवून निघून गेलात, तर अनेक गाड्यांमध्ये हेडलाइट जळत राहतो आणि काही तासांत बॅटरी बसते. काही गाड्यांमध्ये हँडल लॉकच्याही पुढे चावी फिरते आणि मागचा पार्किंगचा दिवा चालू राहतो. तिथेही नजर हवी.

मग किल स्विच कशासाठी? अॅक्सिलरेटर अडकला, गाडी आडवी पडली, अशा वेळी हँडलवरचा हात न काढता इंजिन थांबवता यावं, म्हणून. आणि नेमक्या याच कारणासाठी तो रोज वापरावा, असं मला ठामपणे वाटतं. वर्षानुवर्षं न हललेल्या स्विचच्या आतल्या धातूच्या पट्ट्यांवर ओलावा आणि धूळ बसते, त्या गंजतात. शिवाय घाईच्या क्षणी मेंदू विचार करत बसत नाही, सवयीचा अंगठा आपोआप हलतो. सवयच नसेल तर तो लाल स्विच दिसूनही सापडत नाही. (गाडी सुरूच होत नाही म्हणून ती मेकॅनिककडे ढकलत नेण्याआधी मात्र हा स्विच पुन्हा चालू केलाय ना, ते बघा.)

म्हणून माझा क्रम असा: गाडी थांबवायची, न्यूट्रल करायची, अॅक्सिलरेटर पूर्ण सोडून इंजिन संथ होऊ द्यायचं, किल स्विच, आणि लगेच चावी. चावी राहता कामा नये. चढ-उतारावर मात्र इंजिन थांबल्यावर पहिला गिअर टाकून ठेवा, म्हणजे गाडी स्टँडवरून घसरणार नाही.

बंद करण्याआधी जोरात रेस देण्याची जुनी सवय सोडलेली बरी. कार्ब्युरेटरच्या गाडीत (जिथे इंजिनाच्या ओढीनेच पेट्रोल हवेत मिसळतं) वेगाने फिरणारं इंजिन ठिणगी गेल्यावरही आणखी काही फेऱ्या पेट्रोल ओढत राहतं. ते न जळलेलं पेट्रोल तापलेल्या सायलेन्सरमध्ये पोहोचलं तर फट्दिशी आवाज होतो. सिलिंडरच्या भिंतीवरचा ऑइलचा पातळ थरही त्याने धुतला जातो. गिअरमध्ये क्लच सोडून गाडी बंद पाडली तर चेन आणि क्लचला नाहक हिसका बसतो. काही गाड्यांमध्ये गिअरमध्ये असताना साइड स्टँड लावला की इंजिन आपोआप बंद पडतं; रोज तसं बंद करणंही टाळा: ती सोय तुम्ही विसरलात तर सांभाळून घेण्यासाठी आहे.

लांब घाट चढून आल्यावर इंजिन बंद केलं की ते थोडा वेळ आणखी तापतं. ऑइल आणि वारा दोन्ही थांबतात, पण आतली उष्णता बाहेरच्या भागांकडे येतच राहते. पाण्याने थंड होणाऱ्या काही गाड्यांचा पंखा म्हणूनच इंजिन थांबल्यावरही घरघरत राहतो. तो बिघाड नाही, फिरू द्या त्याला.