गुडघ्याएवढ्या उंचीवरची वीज : जायंट्स कॉजवे ट्रामची पार्श्वभूमी

उत्तर आयर्लंडच्या अँट्रिम किनाऱ्यावर जायंट्स कॉजवे आहे. आपल्या अंधेरीच्या गिल्बर्ट हिलसारखेच बेसाल्टचे खांब, पण हजारोंनी आणि थेट समुद्रात उतरत गेलेले. ते पाहायला निघालेल्यांची रेल्वे पोर्टरशला संपायची, पुढे घोडागाडी. ही गैरसोय संपवण्यासाठी विल्यम आणि अँथनी ट्रेल या भावांनी १८८० मध्ये ट्राम कंपनी काढली.

बुश नदीचा धबधबा वाटेवरच होता. त्यावर टर्बाइन बसवून ट्राम चालवायची हा विल्यम यांचा ध्यास, आणि विद्युत अभियंते विल्यम सीमेन्स त्यांच्या पाठीशी उभे राहिले. जानेवारी १८८३ मध्ये वाटेतल्या बुशमिल्स गावापर्यंत गाड्या सुरू झाल्या त्या वाफेवर. विजेच्या ट्रामचं उद्घाटन २८ सप्टेंबरला झालं. १८८७ मध्ये रूळ कॉजवेपर्यंत पोचले.

खरा पेच होता तो वीज गाडीपर्यंत पोचवण्याचा. बर्लिनजवळ लिख्टरफेल्डला १८८१ मध्ये ती चाकांखालच्या रुळांतूनच दिली होती. इथल्या ओल्या किनाऱ्यावर, इतक्या लांबवर, ती जमिनीतच मुरली असती. म्हणून रस्त्याच्या कडेने खुंट ठोकून गुडघ्याएवढ्या उंचीवर तिसरा रूळ टाकला. शेताचं फाटक आलं की हा रूळ तुटायचा आणि वीज जमिनीखालच्या केबलमधून पलीकडे जायची. गाडीच्या दोन्ही टोकांना या रुळावर घासत वीज घेणारे ब्रश होते; मागचा सुटण्याआधी पुढचा पलीकडच्या रुळाला टेकायचा. फट मोठी असेल तर गाडी आपल्याच वेगावर निभावून न्यायची. या सगळ्या इतिहासातलं मला हेच सर्वांत देखणं काम वाटतं.

पण वीज उघडीच होती. पोर्टरशच्या गजबजलेल्या रस्त्यांवर तिसरा रूळ नव्हताच, तिथे वाफेचं इंजिन ट्राम ओढायचं. १८९५ मध्ये रुळाला स्पर्श होऊन एक सायकलस्वार दगावला. चौकशी झाली आणि १८९९ मध्ये वीज डोक्यावरच्या तारेत गेली. अमेरिकेत रिचमंडला अशा तारेवर १८८८ पासून ट्राम धावत होत्या. तो जीव जाण्याआधीच हा बदल व्हायला हवा होता.

कमाई मुख्यतः उन्हाळ्यातल्या पर्यटकांवर होती. बस आणि मोटारींनी तेही पळवले, आणि १९४९ नंतर ट्राम पुन्हा सुटली नाही. २००२ पासून बुशमिल्स ते कॉजवे या टप्प्यावर तीन फुटी रुळांची पर्यटक रेल्वे धावू लागली, वाफेच्या आणि डिझेलच्या इंजिनांवर.