संख्या-स्वरूपण (स्प्रेडशीट)

स्प्रेडशीटच्या सेलमधली संख्या आहे तशीच ठेवून ती पडद्यावर आणि छापील कागदावर कशी दिसावी, हे ठरवण्याची सोय. रोजच्या बोलण्यात ‘सेल फॉरमॅट करणे’. १९७९ च्या व्हिसिकॅल्क या सुरुवातीच्या स्प्रेडशीट प्रोग्रॅममध्ये पूर्णांक, दोन दशांश स्थळे असे मोजकेच पर्याय होते. आज चलन, टक्केवारी, तारीख, अपूर्णांक अशी यादीच असते. एक्सेलमध्ये ती कंट्रोल आणि १ दाबून उघडते.

फॉरमॅटने रूप बदलते, किंमत नाही. १०.४ ही रक्कम दोनदा लिहून दशांश स्थळे काढून टाकली, तर १० आणि १० दिसतात, पण खाली बेरीज २१ येते, कारण खरी बेरीज २०.८ असते. बिलात असा जादा रुपया चालत नाही. तिथे राउंड फंक्शनने किंमतच बदलावी लागते. तारीखही आतून संख्याच असते. विंडोजवरच्या एक्सेलमध्ये १ जानेवारी १९०० म्हणजे १, त्यामुळे तारखेच्या जागी अचानक पाच आकडी संख्या दिसली तर घाबरायचे कारण नाही, फॉरमॅट तेवढा उडालेला असतो.

मराठी वापरकर्त्याला खरी अडचण स्वल्पविरामाची. १,२३,४५,६७८ हवे असताना १२,३४५,६७८ दिसते. सरळ उपाय म्हणजे विंडोजच्या प्रादेशिक सेटिंगमध्ये भारत निवडणे. पण ती फाइल परदेशी सेटिंगच्या संगणकावर उघडली की पुन्हा तीन-तीनचे गट. म्हणून काही जण कस्टम फॉरमॅटमध्ये, म्हणजे स्वतः लिहिलेल्या फॉरमॅटमध्ये, कोटीसाठी एक आणि लाखासाठी एक अट घालतात. एका फॉरमॅटात अटी दोनच मावतात. उणे रकमा कोणत्याच अटीत न बसता फॉरमॅटच्या उरलेल्या भागात पडतात आणि तिथे लाखाचा गट मिळत नाही. ताळेबंदात हा उपाय लंगडा पडतो.

खाते क्रमांक, कार्ड क्रमांक यांना संख्या मानूच नये. एक्सेल १५ अंकांपर्यंतच अचूकता राखते. सोळावा अंक शून्य होतो आणि नंतर ‘टेक्स्ट’ फॉरमॅट दिला तरी परत येत नाही. मुंबईच्या ०२२ या दूरध्वनी कोडमधले पुढचे शून्यही असेच गळते. अशा रकान्याला भरण्याआधीच ‘टेक्स्ट’ फॉरमॅट द्यावा.

आपोआप तारीख होण्याचा त्रास शास्त्रज्ञांनाही झाला. ‘मार्च१’ हे जनुकाचे नाव एक्सेल १ मार्च करून टाकी. २०२० मध्ये जनुकांच्या नामकरण समितीने अशी नावेच बदलली. हे रूपांतर बंद करण्याचा पर्याय एक्सेलमध्ये २०२३ साली आला.