‘शटडाउन’चा बदललेला अर्थ: संगणक सुरू होण्याच्या वेळेमागची पार्श्वभूमी

संगणक किती सेकंदांत उघडतो हे मोजायचे तर घड्याळ कुठे थांबवायचे, वाद तिथूनच सुरू होतो. डेस्कटॉप दिसल्यावर थांबवले तर आकडा छान येतो. पण बेळगावच्या खडेबाजारातल्या डीटीपी (संगणकावर छपाईची पाने जुळवणाऱ्या) दुकानात गिऱ्हाईक लग्नपत्रिकेचा मजकूर घेऊन समोर उभे असते, तेव्हा कोरल या पाने मांडण्याच्या प्रोग्राममध्ये पहिले अक्षर उमटेपर्यंतचा वेळ तेवढा खरा.

1981 च्या आयबीएमच्या पहिल्या पीसीवर सुरुवातीचा बराच वेळ मेमरी तपासण्यात जाई. मेमरी वाढवली की तपासणीही लांबे. डॉस या विंडोजआधीच्या प्रणालीच्या काळात वेळ खाणाऱ्या ओळी कॉन्फिग आणि ऑटोएक्झेक या दोन फायलींत उघड दिसत, आणि जाणकार त्या हाताने कापून काढत. विंडोज 98 वर काम चालू असताना करंट गेला की पुढच्या वेळी निळ्या पडद्यावर स्कॅनडिस्क, म्हणजे डिस्कची तपासणी, ठरलेलेच. पावसाळ्यात खानापूर भागात दिवसातून चारदा करंट गेला तर चारदा तेच.

विंडोज एक्सपी 2001 साली आले, ते बटण दाबल्यापासून 30 सेकंदांत यंत्र वापरण्याजोगे करण्याचे उद्दिष्ट घेऊन. नेटवर्क पूर्ण जागे होण्याआधीच लॉगिन करू देणे हा त्यातला एक उपाय. दुसरा प्रीफेचचा: सुरू होताना कोणत्या फायली लागतात याची नोंद ठेवायची आणि पुढच्या वेळी त्या आधीच ओढून घ्यायच्या. ‘सफाई’ म्हणून प्रीफेच फोल्डर रिकामे करण्याची सवय अजूनही दिसते. त्याने वेग वाढत नाही; नोंदच पुसल्यामुळे पुढची एक-दोन सुरुवात उलट मंदावते.

2012 च्या विंडोज 8 मध्ये मात्र ‘शटडाउन’ या शब्दाचाच अर्थ बदलला, आणि आजचा बहुतेक गोंधळ तिथला आहे. फास्ट स्टार्टअप नावाची सोय आली आणि ती आपोआप चालू ठेवली गेली. तेव्हापासून शटडाउन केले की उघडे प्रोग्राम बंद होतात, वापरणारा लॉगआउट होतो, पण कर्नल (विंडोजचा गाभा) आणि ड्रायव्हर (प्रिंटर, वायफाय अशी उपकरणे चालवणारे प्रोग्राम) यांची स्थिती आहे तशी डिस्कवरच्या हायबरनेशन फाइलमध्ये लिहिली जाते. सकाळी ती परत मेमरीत भरली जाते. ‘रीस्टार्ट’ मात्र पूर्वीसारखेच राहिले: सगळे पाडून पहिल्यापासून. यामुळे 30 ते 70 टक्के वेळ वाचतो असे विंडोज बनवणाऱ्यांनी तेव्हा सांगितले होते, आणि फिरत्या हार्ड डिस्कवर फरक डोळ्यांना दिसेल इतका होता हे मान्यच करायला हवे.

पण ‘बंद करून चालू करा’ या सर्वांत जुन्या उपायाचा पायाच त्याने काढून घेतला. प्रिंटरचा ड्रायव्हर अडकला, वायफाय दिसेनासे झाले, की माणूस शटडाउन करतो, पाच मिनिटे थांबतो, चालू करतो, आणि बिघाड तिथेच असतो. कारण अडकलेला ड्रायव्हर त्याच अवस्थेत जपून ठेवला होता. रीस्टार्ट केले की तोच बिघाड जातो. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग सीपीयू, आणि तिथे ‘अप टाइम’ (यंत्र सलग किती वेळ चालू आहे) पाहावे. रोज रात्री बंद होणाऱ्या यंत्रावर तिथे 20-25 दिवस दिसले तर कारण हेच. ज्यांच्याकडे विंडोजच्या जोडीला लिनक्स आहे, त्यांना विंडोजचे पार्टिशन लिनक्समधून फक्त वाचता येते, लिहिता येत नाही, तेही याच कारणाने.

आपल्या भागातल्या सवयी या सोयीशी मुळीच जुळत नाहीत. दुकान बंद करताना मेन स्विच खाली ओढायची रीत आहे. शटडाउननंतर पडदा काळा झाला तरी हायबरनेशन फाइल लिहिणे काही सेकंद चालूच असते. केसवरचा डिस्कचा दिवा लुकलुकत असतो. तो विझण्याआधी स्विच ओढला की फाइल अर्धवट राहते आणि सकाळी पूर्ण सुरुवात, कधी डिस्क तपासणीसकट. अचानक करंट गेला तर फाइल लिहिलेलीच नसते, म्हणजे तेव्हाही फायदा नाही. इन्व्हर्टरवर संगणक चालत असेल तर इन्व्हर्टरच्या मागचे बटण यूपीएस मोडवर हवे. साध्या मोडमध्ये मेनवरून बॅटरीवर जायला लागणारा वेळ संगणकाच्या पॉवर सप्लायला झेपत नाही. पॉवर सप्लाय करंटविना जेमतेम 16-17 मिलिसेकंद तग धरतो.

मेन स्विचचा आणखी एक परिणाम मदरबोर्डवरच्या सीआर2032 या नाण्याएवढ्या सेलवर होतो. प्लगला करंट असेपर्यंत संगणकातले घड्याळ त्यावर चालते, नसेल तेव्हा सेलवर. रोज रात्रभर आणि रविवारी दिवसभर मेन बंद राहिला की सेल लवकर उतरतो. मग ‘सीमॉस चेकसम एरर’ दाखवून यंत्र एफ1 दाबेपर्यंत अडून बसते, तारीख मागे जाते, आणि तारीख चुकल्याने ब्राउझर सुरक्षित संकेतस्थळे उघडत नाही. विंडोज नव्याने टाकण्याआधी हा सेल बदलून पाहावा. स्वस्तातला उपाय आहे.

एसएसडी (फिरत्या तबकडीऐवजी चिपांवर साठवणारी डिस्क) आल्यावर फास्ट स्टार्टअपची गरजच उरली नाही, असे स्पष्ट म्हणता येते. 7200 आरपीएमची डिस्क एक फेरा 8.3 मिलिसेकंदांत पुरा करते. म्हणजे हवी ती जागा वाचणाऱ्या डोक्याखाली यायला सरासरी 4 मिलिसेकंद, त्यात डोके सरकायचा वेळ वेगळा. सुरू होताना हजारो छोट्या फायली वाचायच्या असतात, तिथे हे साठत जाते. एसएसडीत फिरणारे काहीच नाही. म्हणून जुन्या साटा-2 (डिस्क जोडण्याची एक पद्धत) बोर्डावरही ती लावली की मिनिटभराची सुरुवात 20-25 सेकंदांवर येऊ शकते. साटावरून एनव्हीएमई या आणखी वेगवान जोडणीवर गेल्याने मात्र फार फरक पडत नाही; उरलेला वेळ बायोस (विंडोजच्या आधी चालणारा बोर्डावरचा प्रोग्राम) आणि ड्रायव्हर यांचा असतो.

एसएसडी असेल तर कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, ‘चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू’ इथे जाऊन फास्ट स्टार्टअपची खूण काढावी. हार्ड डिस्कच असेल तर राहू द्यावी आणि आठवड्यातून एकदा रीस्टार्ट करावे. शिफ्ट धरून शटडाउन केले तर तेवढ्यापुरते खरे शटडाउन होते.

बायोसमधले ‘फास्ट बूट’ हे वेगळे प्रकरण. नाव जवळचे म्हणून दोन्हींची सरमिसळ होते. ते यूएसबी वगैरेंची तपासणी गाळते. ‘अल्ट्रा फास्ट’ ठेवले की कीबोर्ड विंडोज येईपर्यंत जागाच होत नाही आणि डिलीट किंवा एफ2 कितीही दाबले तरी बायोस उघडत नाही. तेव्हा शिफ्ट धरून रीस्टार्ट, मग ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, यूईएफआय फर्मवेअर सेटिंग्ज.

सीमाभागातल्या डीटीपी यंत्रांवर आणखी एक भार असतो: मराठीच्या जुन्या फॉन्टचे पॅकेज त्याच्या डोंगलसकट (परवान्यासाठी यूएसबीला लावायची चावी), आणि सरकारी अर्जांच्या कन्नडसाठी नुडी हे टंकलेखनाचे सॉफ्टवेअर. दोन्ही स्टार्टअपमध्ये टाकलेली, वर शेकडो फॉन्ट. युनिकोड (सगळीकडे चालणारी अक्षरांची आजची पद्धत) मधल्या कामाला विंडोजचेच मराठी आणि कन्नड कीबोर्ड पुरतात, त्यासाठी स्टार्टअपमध्ये काही ठेवावे लागत नाही. जुन्या फायलींसाठी पॅकेज लागेल तेव्हा हाताने उघडावे.

डीडीआर5 मेमरीच्या नव्या यंत्रांत वेळेचा प्रश्न वेगळ्या रूपात परत आला आहे. नवी मेमरी बसवल्यावर पहिल्या वेळी बोर्ड तिची जुळणी करतो आणि पडदा काही मिनिटे काळाच राहू शकतो. यंत्र बिघडले समजून मध्येच स्विच बंद केला की जुळणी पुन्हा पहिल्यापासून.