दाल्यान : बंदर बुजले आणि किनारा उरला

नैऋत्य तुर्कस्तानातील दाल्यान या गावी जाणारा प्रवासी समुद्रकिनारा पाहायला निघालेला असतो, परंतु गावात उतरल्यावर त्याला समुद्र दिसतच नाही. दिसते ती संथ, हिरवट पाण्याची नदी, तिच्या दोन्ही अंगांना माणसाच्या डोक्यावर जाणारे बोरूचे बन आणि पैलतीरावरच्या उभ्या कड्यात कोरलेली, देवळाच्या दर्शनी भागासारखी दिसणारी थडगी. कोय्जेइझ सरोवराचे पाणी याच वळणावळणाच्या प्रवाहातून भूमध्य समुद्राला मिळते. इझ्तुझूचा साडेचार किलोमीटर लांबीचा वालुकामय किनारा गाठायचा, तर नावेत बसून बोरूच्या बनातून वाट काढत मुखापर्यंत जावे लागते. डोंगराकडून गाडीरस्ताही आहे, पण या भूभागाचा इतिहास समजून घ्यायचा असेल तर नावेनेच जावे. कारण नाव ज्या गाळाच्या सपाटीवरून जाते, तीच या इतिहासाची मुख्य पात्र आहे.

प्राचीन काळी येथे खुला समुद्र आत शिरलेला होता आणि त्याच्या काठी कॉनॉस हे नगर होते. ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने कॉनॉसवासीयांविषयी लिहिताना, ते स्वतःला क्रीट बेटावरून आलेले म्हणवत असले तरी आपल्या मते ते याच मातीतले आहेत, असा अभिप्राय नोंदवला आहे. इराणी, कॅरिया या येथल्याच प्राचीन प्रदेशाचा शासक मॉसोलस, अलेक्झांडरनंतरचे ग्रीक राजे, ऱ्होड्स बेट आणि रोम अशा अनेकांच्या सत्ता येथे आल्या. ऱ्होड्सने तर हे नगर इजिप्तचा राजा टॉलेमी याच्या सेनापतींकडून दोनशे टॅलंट (त्या काळचे मोठे चलनी माप) मोजून चक्क विकत घेतले होते. ग्रीक चित्रकार प्रोटोजेनीस मूळचा येथलाच.

कड्यातील थडगी मुख्यतः इसवी सनपूर्व चौथ्या शतकातील आहेत. त्यांपैकी सर्वांत मोठे थडगे अपुरे राहिले आहे, आणि जाणकाराने सर्वाधिक वेळ द्यावा तो त्यालाच. त्याचा वरचा त्रिकोणी भाग नीट घडवलेला आहे, स्तंभांची डोकी बाहेर आली आहेत, पण खाली नुसताच खडक आहे. कारागीर वरून खाली कोरत येत होते, हे त्यावरून उघड होते. वेरूळचे कैलास लेणे पाहिलेल्या मराठी वाचकाला ही रीत नवी वाटणार नाही, मात्र अर्ध्यावर थांबलेले काम पाहताना ती जितकी स्पष्ट कळते, तितकी पूर्ण झालेल्या कामात कळत नाही.

कॉनॉसची ख्याती तीन गोष्टींसाठी होती : मीठ, सुके अंजीर आणि रोगट हवा. मिठाची आठवण किनाऱ्याच्या नावात आजही ऐकू येते, कारण ‘तुझ’ म्हणजे तुर्की भाषेत मीठ. अंजिरांविषयी रोमन वक्ता आणि लेखक सिसेरो याने एक गोष्ट सांगितली आहे. रोमन सेनापती क्रॅसस इराणातील पार्थिया साम्राज्यावरील स्वारीसाठी इटलीच्या ब्रुंडिसियम बंदरात सैन्य जहाजांवर चढवत असताना, धक्क्यावर कॉनॉसचे अंजीर विकणारा एक जण ‘कौनेआस!’ असे ओरडत फिरत होता. लॅटिन भाषेत भरभर उच्चारलेल्या ‘कावे ने एआस’, म्हणजे ‘सांभाळ, जाऊ नकोस’, या शब्दांशी ती आरोळी जुळत होती. क्रॅससने ती मानली नाही आणि इ.स.पू. ५३ मध्ये तो सैन्यासह पार्थियनांकडून मारला गेला. शकुनाचा भाग सोडून दिला, तरी इटलीच्या धक्क्यावर फेरीवाला केवळ गावाचे नाव घेऊन अंजीर विकू शकत होता, यावरून या मालाचा लौकिक कळतो.

रोगट हवेची साक्ष प्राचीन ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबो देतो. नगराला गोदी आणि बंद करता येणारे बंदर आहे, जवळची कॅल्बिस नदी जहाजे जाण्याइतकी खोल आहे, असे सांगून तो पुढे म्हणतो की जमीन सुपीक असली तरी उन्हाळ्यात आणि शरदात येथील हवा वाईट असते. याच संदर्भात तो स्ट्रॅटोनिकस नावाच्या तंतुवादकाचा किस्सा देतो. कॉनॉसच्या लोकांचे पिवळे-हिरवे पडलेले चेहरे पाहून या वादकाने होमरची ओळ म्हटली : जशी पानांची पिढी, तशीच माणसांची. आमच्या नगराला रोगी म्हणून हिणवतोस काय, असे लोकांनी विचारताच तो उत्तरला की जेथे मेलेलेही चालत-फिरत असतात, त्या नगराला रोगी म्हणण्याची माझी काय छाती! स्ट्रॅबोने दोष उष्मा आणि फळांची रेलचेल यांना दिला. आज आपण तो दलदलीतील डासांना आणि हिवतापाला देऊ.

दलदल वाढत होती ती गाळामुळे. नदी दरवर्षी डोंगरांतील माती आणून मुखाशी टाकत होती आणि लाटा ती वाळू किनाऱ्याला समांतर पसरवत होत्या. बंदर हळूहळू उथळ झाले, मग त्याचे तळे झाले, आणि समुद्र काही किलोमीटर दूर गेला. सुमारे पाच हजार प्रेक्षक बसतील अशा नाट्यगृहाच्या वरच्या पायऱ्यांवर उभे राहिले, की जुन्या बंदराच्या जागचे ते गोल, शांत तळे खाली दिसते. त्याला स्थानिक लोक जळवांचे तळे म्हणतात. बंदर गेले, व्यापार गेला, तापाने उरलीसुरली वस्ती गेली. मात्र ज्या प्रक्रियेने बंदर बुजवले, त्याच प्रक्रियेने समुद्र आणि खाडी यांच्यामध्ये वाळूचा लांब दांडा उभा केला. आजचा इझ्तुझू किनारा तो हाच. ज्या नगराच्या नाशाची हळहळ आपण वरच्या पायरीवर व्यक्त करतो, त्याच नाशावर दुपारी टॉवेल पसरून पहुडतो, असे म्हटले तर वावगे ठरू नये.

नगराचे नावही पुढे जागेपासून सुटले. १८४० च्या सुमारास ब्रिटिश नौदलाचे सर्वेक्षक रिचर्ड हॉस्किन यांना येथे कॉनॉसच्या सभेचा उल्लेख असलेला कोरीव लेख आढळला आणि अवशेषांची ओळख पटली. पद्धतशीर उत्खनन मात्र १९६० च्या दशकात, तुर्की पुरातत्त्वज्ञ बाकी ओयून यांच्या नेतृत्वाखाली सुरू झाले. १९९६ मध्ये सापडलेल्या एका द्वैभाषिक लेखाचे महत्त्व या गावापुरते नाही. दोन अथेन्सवासीयांच्या सन्मानाचा तो ठराव ग्रीक आणि कॅरियन अशा दोन्ही भाषांत आहे, आणि दीर्घकाळ वादग्रस्त राहिलेल्या कॅरियन लिपीच्या वाचनाला त्यामुळे भक्कम आधार मिळाला.

पैलतीरी उभ्या राहिलेल्या आजच्या गावाचे नाव ‘दाल्यान’ म्हणजे मासे अडवण्याचा बांध. सरोवरातून अंडी घालण्यासाठी समुद्राकडे निघालेले बोय मासे येथे कुडाच्या अडसराशी धरले जातात, आणि त्यांची खारवून वाळवलेली, मेणाच्या आवरणात जपलेली गाबोळी ही येथील जुनी, महाग मिरास आहे. आपल्याकडे गाबोळी तव्यावर जाते. येथे ती पातळ काप करून खातात. मासे, कापूस आणि फळबागा एवढ्यावर चालणाऱ्या या गावाकडे १९८० पर्यंत परदेशी पाहुणे क्वचितच फिरकत.

त्यानंतर चित्र वेगाने पालटले. १९८२ मध्ये तुर्कस्तानने पर्यटनाला चालना देणारा कायदा केला, पंतप्रधान तुर्गुत ओझाल यांच्या सरकारने किनाऱ्यांवर मोठ्या हॉटेलांना प्रोत्साहन दिले, आणि जवळच्या दालामान विमानतळामुळे युरोप काही तासांवर आले. इझ्तुझूवर जर्मन आणि तुर्की भांडवलातून १,८०० खाटांचे हॉटेल योजले गेले आणि १९८७ मध्ये प्रत्यक्ष कामाला आरंभ झाला. आड आले ते समुद्री कासव. कॅरेटा कॅरेटा या जातीच्या माद्या, ज्यांना इंग्रजीत लॉगरहेड म्हणतात, उन्हाळ्याच्या रात्री याच वाळूत अंडी घालतात.

सत्तरच्या दशकात स्वतःच्या नौकेतून प्रथम येथे आलेल्या आणि पुढे किनाऱ्यावरच्या लाकडी झोपडीत राहू लागलेल्या जून हायमॉफ या इंग्रज बाईंनी या हॉटेलविरुद्ध आवाज उठवला. तुर्कस्तानातील, ग्रीसमधील आणि जर्मनीतील निसर्गप्रेमी त्यांच्यासोबत उभे राहिले. निसर्ग संरक्षणाच्या जागतिक संघटनेचे तत्कालीन अध्यक्ष, ब्रिटनचे प्रिन्स फिलिप यांनीही ओझाल यांच्याकडे शब्द टाकला. वन्यजीवांविषयीच्या बर्न कराराशी तुर्कस्तान तोवर बांधले गेले होते, हाही मुद्दा उपयोगी पडला. काम थांबले, आणि १९८८ मध्ये कोय्जेइझ-दाल्यान हा परिसर देशातील पहिल्या विशेष पर्यावरण संरक्षण क्षेत्रांपैकी एक म्हणून घोषित झाला. गावकरी बाईंना ‘कप्तान जून’ म्हणू लागले. ९९ वर्षांच्या आयुष्यानंतर २०२२ मध्ये त्यांचे निधन झाले.

येथे एक गोष्ट नोंदवायला हवी. हॉटेलला झालेला विरोध सर्व गावकऱ्यांचा नव्हता. रोजगाराची आशा असलेल्यांना बाहेरून आलेल्या लोकांचे कासवप्रेम आरंभी खटकणे स्वाभाविकच होते. संरक्षणानंतर पाहुण्यांची ने-आण नावाड्यांच्या सहकारी संस्थेकडे आली आणि खोल्या गावातल्या छोट्या घरगुती निवासांत भरू लागल्या, तेव्हा कासवाचे हित आणि गावाचे हित यांची सांगड बसली. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास गावात २००२ पासून ऑलिव्ह रिडले कासवांच्या संरक्षणातून घरगुती निवासांचा जो व्यवसाय उभा राहिला, त्याची घडण निराळी असली तरी गणित हेच आहे. वेळासला अंडी उचलून कुंपणाच्या आत नव्या खड्ड्यांत ठेवतात; इझ्तुझूवर घरटे सहसा आहे तेथेच ठेवून त्यावर लोखंडी जाळीचा पिंजरा रोवतात, म्हणजे कोल्ह्याला ते उकरता येत नाही आणि माणसाचा पाय त्यावर पडत नाही.

पाहुण्यांना जाचक वाटणारे नियम या पिंजऱ्यांभोवतीच विणलेले आहेत. अंडी साधारण अर्धा मीटर खोल असतात आणि सुमारे दोन महिन्यांनी फुटतात. छत्रीचा टोकदार दांडा घरट्यात घुसू शकतो, म्हणून खुणेच्या खुंट्यांपलीकडे छत्र्या रोवण्यास आणि पथारी टाकण्यास बंदी आहे. पिल्ले रात्री बाहेर पडून उजळ क्षितिजाकडे, म्हणजे एरवी समुद्राकडे, धाव घेतात. दिवे असतील तर ती भरकटतात, म्हणून विणीच्या काळात रात्री आठ ते सकाळी आठ किनारा माणसांना बंद असतो. किनाऱ्यावर जखमी कासवांचे उपचार केंद्रही आहे, आणि तेथे आणलेल्या कित्येक कासवांच्या पाठीवरील चिरा नावेच्या पंख्याच्या असतात. आजची तक्रार हॉटेलाची उरलेली नाही, ती नावांची आहे : दोरीला निळा खेकडा बांधून कासवाला पाण्यावर बोलावायचे आणि पाहुण्यांना छायाचित्रे काढू द्यायची, हा खेळ नदीच्या मुखाशी अजून चालतो.