केडगावच्या 'मुक्ती'मागची गोष्ट

पुण्याहून दौंडला जाताना वाटेत केडगाव लागते. पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन, निराधार स्त्रियांचे आश्रयस्थान, इथलेच. 'मुक्ती' हा शब्द आपण ख्रिस्ती लोक उपासनेत सहज उच्चारतो. रमाबाईंना तो आपल्या घरावर लिहायला वयाची चाळिशी गाठावी लागली.

त्यांचा जन्म 1858 चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा रोष पत्करून बायकोला संस्कृत शिकवले आणि लेकीलाही पुराणे मुखोद्गत झाली. तीर्थयात्रा करत, पुराण सांगत हे कुटुंब हिंडत असे. 1870 च्या दशकातल्या दुष्काळाने आईवडील आणि थोरली बहीण हिरावून नेली. उरलेली दोघे भावंडे अनवाणी, अर्धपोटी चालत राहिली. 1878 साली कलकत्त्याच्या विद्वानांनी रमाबाईंना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. पण शास्त्रे जितकी खोल वाचली, तितके त्यांना दिसू लागले की बाईला बाई म्हणून मोक्षाची वाट त्यांत नाही. पुढे आपल्या साक्षीत त्यांनी हे स्पष्ट लिहून ठेवले.

1882 मध्ये पती बिपिनबिहारी मेधावी वारले, तेव्हा कडेवर मनोरमा होती. पुढच्याच वर्षी त्या इंग्लंडला गेल्या आणि वाँटेजच्या मठात राहिल्या. तिथल्या भगिनींनी त्यांना लंडनमधल्या फुलहॅमचे एक घर दाखवले. समाजाने 'पतित' म्हणून टाकलेल्या स्त्रिया तिथे होत्या, आणि त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांमध्ये एके काळी तशाच असलेल्या काही जणीही होत्या. असे कुणी का करावे, हे रमाबाईंनी विचारले. उत्तरादाखल एका भगिनीने त्यांना योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय वाचून दाखवला: यहुदी ज्यांना तुच्छ लेखत त्या शमरोनी समाजातली विहिरीवरची स्त्री आणि तिच्याकडे पाणी मागणारा येशू. आपण शोधतो आहोत तो तारणारा हाच, हे त्यांना तिथे उमगले. 29 सप्टेंबर 1883 रोजी मायलेकींचा बाप्तिस्मा झाला.

इथे गोष्ट संपवण्याची आपल्याकडे सवय आहे. मला तर पुढचा भाग जास्त मोलाचा वाटतो. बाप्तिस्म्यानंतर धर्मगुरू सांगतील ते मुकाट्याने मानायला रमाबाई तयार नव्हत्या. एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून सुटून दुसऱ्याच्या जोखडात मान घालणार नाही, असे त्यांनी वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीन यांना कळवले. मांसाहार केला नाही. क्रुसावर लॅटिनऐवजी संस्कृत अक्षरे हवीत म्हणून वाद घातला. ख्रिस्ताने सोडवलेल्या माणसाने पुन्हा माणसांचे दास का व्हावे? आजही मंडळीत हा प्रश्न विचारायला धैर्य लागते.

आणि तरीही त्यांची तहान भागली नव्हती. 1891 च्या सुमारास त्यांना जाणवले की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, पण ख्रिस्त सापडायचा राहिला. नवा जन्म म्हणतात तो त्यांनी तेव्हा अनुभवला, बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी.

तोवर विधवांसाठीचे शारदा सदन मुंबईत सुरू होऊन पुण्याला आले होते. इथल्याच गोदूबाईंचा 1893 साली धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह झाला. त्याच वर्षी, रमाबाईंच्या प्रार्थनेला मुली बसतात म्हणून वादळ उठले. रानडे, भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि पालकांनी अनेक मुली काढून नेल्या. त्या पालकांची भीती खोटी होती असे मी म्हणणार नाही, कारण काही मुली खरोखरच ख्रिस्ताकडे वळल्या. पण स्वतःच्या प्रार्थनेचे दार लावून घ्यायला रमाबाईंनी नकार दिला.

मग 1896–97 चा दुष्काळ आला. स्वतः उपाशी चाललेली ती वाट त्या विसरल्या नव्हत्या. त्या मध्य प्रांतात गेल्या आणि भुकेने खंगलेल्या मुलींना केडगावच्या शेतजमिनीवर घेऊन आल्या. 1898 साली तिथे मुक्ती सदन उभे राहिले. अंध स्त्रियांसाठीच्या घराला त्यांनी नाव दिले बार्तमी सदन, यरीहोच्या रस्त्यावरच्या त्या आंधळ्या भिकाऱ्याच्या नावावरून.

शेवटची वर्षे पवित्र शास्त्राच्या भाषांतरात गेली. साध्या बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत ते यावे म्हणून या संस्कृत पंडितेने हिब्रू आणि ग्रीक शिकून घेतली. 5 एप्रिल 1922 रोजी त्या वारल्या. त्यांचे ते शास्त्र केडगावच्याच छापखान्यात छापले गेले, आणि त्याचे छपाईचे खिळे जुळवणारे हात मुक्तीतल्या मुलींचे होते.