मोतीबिंदू

मोतीबिंदू : डोळ्यातील नेत्रभिंग गढूळ होऊन प्रकाशाची वाट अडणे. बाहुलीमागच्या या भिंगात रक्तवाहिन्या नसतात. जुन्या तंतूंवर नवे तंतू जन्मभर चढत राहतात, त्यामुळे गाभा घट्ट व पिवळसर होत जातो. चाळिशी लागते तीही भिंगाची लवचीकता गेल्याने. पण तो मोतीबिंदू नव्हे. वय, मधुमेह, मार आणि स्टेरॉइडचा दीर्घ वापर ही नेहमीची कारणे.

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेचे जुने वर्णन सुश्रुतसंहितेत (शल्यकर्मावरचा प्राचीन आयुर्वेदीय ग्रंथ) सापडते. तिचा काळ अनिश्चित आहे. तिचे उत्तरतंत्र (शेवटचा भाग) मागाहून जोडले गेले असावे, असे अनेक अभ्यासक मानतात. त्यात ‘दृष्टी’ मसुराच्या डाळीएवढी सांगितली आहे. ही दृष्टी म्हणजे बाहुली की भिंग, हा वाद जुना आहे. भिंगाचे लॅटिन नावही मसुरावरूनच आलेले असल्याने दुसरा पक्ष आकर्षक वाटतो. पण तो योगायोगच असावा. दृष्टी कृष्णमंडलाच्या (बुबुळाच्या काळ्या भागाच्या) सातव्या हिश्शाएवढी, असेही तेथे म्हटले आहे. ते वर्णन बाहुलीला अधिक जुळते. कफज लिंगनाशात (कफामुळे दृष्टी जाणे; हाच मोतीबिंदू मानतात) यवमुखी शलाकेने, म्हणजे जवासारख्या टोकाच्या सळईने, वेध करून रुग्णाला नाक शिंकरायला लावावे, असे विधान आहे. यात काहींनी भिंग बाहेर काढणे पाहिले. ते बाजूला ढकलले जात असावे, हे मत अधिक ग्राह्य दिसते. शस्त्रक्रियेचा काळ फार उष्ण वा फार थंड नसावा, असेही तेथे सांगितले आहे. ‘थंडीत करू’ म्हणणाऱ्या आपल्या घरांना त्याचा आधार मिळत नाही.

अठराव्या शतकात फ्रेंच शल्यविशारद जाक दाव्हिएल यांनी भिंग बाहेर काढण्याची पद्धत रूढ केली. ब्रिटिश नेत्रतज्ज्ञ हॅरल्ड रिडली यांनी १९४९ मध्ये लंडनला कृत्रिम भिंग बसवले. फेको (भिंग ध्वनिलहरींनी फोडून काढण्याची पद्धत) ही अमेरिकन नेत्रतज्ज्ञ चार्ल्स केलमन यांची, १९६७ ची.

पुण्यात महंमदवाडीचे एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालय (पूना ब्लाइंड मेन्स असोसिएशन) या शस्त्रक्रियांसाठी परिचित आहे. ‘पिकू द्या, मग काढू’ हा सल्ला मात्र अजून ऐकू येतो. फेकोत गाभा ध्वनिलहरींनी फोडायचा असतो. पिकून कडक झाला, तर तेच काम अवघड होते.

काचबिंदू हा वेगळा विकार. आयुर्वेदात ‘काच’ ही तिमिर (नजर धूसर होणे) व लिंगनाश यांमधली अवस्था. मराठीत हे नाव दृष्टिचेता (डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस) झिजवणाऱ्या रोगाकडे गेले. त्यात डोळ्यातील दाब बहुधा वाढलेला असतो, आणि गेलेली नजर परत येत नाही. मोतीबिंदूत ती शस्त्रक्रियेनंतर सहसा येते.